खिळ्यावरची कुऱ्हाड

बुधवारी सकाळी जावई दुकानात आला तेव्हा मी कानसांची खोकी उघडत होतो. त्याला बघून ती तशीच टाकावीत आणि मागच्या दारानं निघून जावं असं मला वाटलं. पण दुकान माझं होतं. जायचंच तर त्यानं जावं.

आमचं दोन वर्षांत बोलणं नव्हतं. त्याआधीही जे काही होतं त्याला बोलणं म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. पहिल्यांदा तो या दुकानात आला, तेव्हा मागच्या खोलीत माझ्या कामाच्या बाकावर बसला आणि नुकत्याच रंधा मारलेल्या फळीवर त्यानं चहाचा कप ठेवला. त्या गोल डागासकट ती फळी मी अजून ठेवली आहे. बायको म्हणते, तुम्हाला खाजवून खरूज काढायची हौस आहे. असेल. पण फळीवर कप ठेवणाऱ्या माणसाच्या मागे माझी मुलगी गेली. बारा वर्षं त्या बाकावर जिला मी पटाशी धरायला शिकवलं, माझ्यानंतर जी हे दुकान चालवणार होती, ती एक दिवस म्हणाली, "बाबा, आम्ही शहराच्या पलीकडे घर घेतोय, मला रोज यायला जमणार नाही." मी म्हणालो, "मग हत्यारं ठेव आणि जा." तिनं खरंच ठेवली. सातही पटाश्या ओळीनं बाकावर मांडल्या आणि गेली. त्यानंतर तिनं लाकडाला हात लावला नाही, हे मला बायकोकडून कळायचं. मी विचारत नसे. ती आपली भाजी निवडता निवडता बोलायची आणि मी ऐकत नसल्यासारखं ऐकायचो.

"नमस्कार बाबा," जावई म्हणाला.

"काय हवंय?"

"कुऱ्हाड हवी होती."

"कशाला?"

"कॅम्पिंगला चाललोय. शनिवारी सकाळी निघायचं, चार दिवस. तंबू, शेकोटी, सगळं आहे. आणि तिथं निवांतपणे लाकडाचं कोरीवकामही करायचंय. तर दोन्हीला चालेल अशी एकच घ्यावी म्हणतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कोरीवकाम करणार! ज्याच्या बोटांना की-बोर्डशिवाय दुसरं काही टोचलेलं नाही, तो माझ्या लेकीची हत्यारं माझ्याकडे पडून असताना जंगलात बसून चमचे कोरणार.

"असं बघा," मी म्हणालो. जावयाला मी अहो-जाहो करतो. त्याच्यासारख्याला लांब ठेवायला तेवढंच बरं पडतं. "फोडायच्या कुऱ्हाडीच्या पात्याचे गाल जाड असतात. ती लाकडात शिरते आणि दोन्हीकडे रेटते. कोरायची पातळ असते, ती सोलते. जाड घेऊन कोरायला बसलात तर हातात चमचा येणार नाही, काटक्या येतील. पातळ घेऊन ओंडका फोडायला गेलात तर ती ओंडक्यात रुतून बसेल आणि तुम्ही तिला ओढत बसाल."

"हो, पण मी व्हिडिओत बघितलं. मधल्या वजनाची असते म्हणे एक, पात्याखाली बोटं बसतील अशी खाच असलेली..."

"मग व्हिडिओतूनच काढून घ्या की."

तो हसला. हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष. अपमान केला तरी हसतो, मग पुढचा अपमान कसा करायचा ते सुचत नाही.

खरं सांगायचं तर व्हिडिओवाला बरोबर बोलत होता. तशी कुऱ्हाड असते आणि मी ती करतोही. पण त्याला ती करून द्यायची माझी इच्छा नव्हती.

तेवढ्यात त्यानं मान वर केली आणि दाराच्या आतल्या बाजूला, खिळ्यावर टांगलेल्या कुऱ्हाडीकडे बोट दाखवलं. "ती का नको? ती वरची? तिच्याबद्दल मी खूप ऐकलंय. ती घरी नेहमी..."

"घरचं घरी!" मी ओरडलो. "माझ्या मुलीचा विषय या काउंटरवर काढायचा नाही. कुऱ्हाड घ्यायला आलात ना? कुऱ्हाडीचं बोला."

त्यानं तोंड मिटलं. मग हळूच म्हणाला, "बरं. मग तीच द्या."

आता या कुऱ्हाडीचं सांगितलं पाहिजे. कुऱ्हाडीचा दांडा कापताना लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला धरून सरळ धावल्या पाहिजेत. रेषा तिरकी जाऊन मधेच बाहेर पडली, तर दांडा तिथंच मोडतो, आणि मोडताना पातं कुठं जाईल ते कुणी सांगू शकत नाही. माझ्या डाव्या नडगीवर चार बोटं लांब खूण आहे, ती असल्याच दांड्याची. म्हणून माझ्याकडे प्रत्येक दांडा आधी उजेडात धरून वाचला जातो, मग पात्यात बसतो. तिरक्या रेषेचा दांडा थेट चुलीत जातो. फक्त एक मी जाळला नाही, कारण त्याच्या रेषा मानेपाशी अशा भोवऱ्यासारख्या फिरल्या होत्या की जाळवेना. लालसर, चकचकीत, देखणा दांडा. त्याला पातं बसवलं आणि शोभेला टांगलं. गिऱ्हाइकं बघायची, मागायची, मी नाही म्हणायचो. मुलगी सात वर्षांची असताना स्टूल लावून तिनं ती खाली काढली आणि अंगणात नेऊन लाकडावर उगारली. मी धावत जाऊन ती हिसकावली आणि तिच्या थोबाडीत मारली. तिला मी मारलं ते तेवढं एकदाच. मग तिचे डोळे पुसून तिला मांडीवर घेतलं आणि रेषा कशा वाचायच्या ते शिकवलं. या धंद्यातला तिचा पहिला धडा तो.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि कुऱ्हाड काढली. फडक्यानं धूळ पुसली. तेवढ्या वेळात मला दहा वेळा बोलता आलं असतं.

"किती द्यायचे?" त्यानं पाकीट काढलं.

"काही नको."

"असं कसं बाबा?"

"नको म्हटलं ना. घेऊन जा."

बघा माझी अक्कल. वाईट दांडा मी जन्मात विकला नव्हता आणि त्या दिवशीही विकायचा नव्हता. पैसे घेतले नाहीत म्हणजे विकला नाही, असा हिशोब मी मनात करून टाकला. आणि तो गाढव काउंटरच्या पलीकडे उभा राहून भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता.

"थँक यू बाबा," तो म्हणाला. "खरंच. मला वाटलं नव्हतं."

तो गेल्यावर मी पुन्हा कानसांकडे वळलो. फार तर दांडा मोडेल, मित्रांच्या देखत फजिती होईल, असं मी स्वतःला सांगत होतो. माझी नडगी मात्र दिवसभर ठणकत होती.

गुरुवारी दुपारी बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसली. जेवताना ती कधी समोर बसत नाही, तिचा पहिला घास मी उठल्यावर. त्या दिवशी बसली, आणि चेहरा असा की घरात काहीतरी शुभ घडलंय.

"जावयांचा फोन होता," ती म्हणाली. "केवढे खूश होते! म्हणाले, बाबांनी खिशाला हात लावू दिला नाही."

"त्यात काय एवढं."

"आता ताणू नका. मला सगळं सांगितलं त्यांनी. कुऱ्हाड तिच्यासाठी आहे."

मी घास तोंडापर्यंत नेला होता. "कुणासाठी?"

"तुमच्या लेकीसाठी, आणखी कुणासाठी? तिनं पुन्हा कोरायला लागावं म्हणून हा सगळा घाट. चार दिवस फोन बंद, कामं बंद, नुसतं जंगल आणि लाकूड. तिथं पोचल्यावर देणार आहेत तिला. तोवर बॅगेत कपड्यांच्या खाली लपवून ठेवलीय म्हणे." ती हसली. "दुकानात सांगायला गेले तर तुम्ही अंगावर गेलात. म्हणून मला फोन केला."

घास मी परत ताटात ठेवला. मी पाणी प्यालो.

"कुठली दिलीत हो?" बायकोनं विचारलं. "चांगली हलकी दिलीत ना? तिचे हात लहान आहेत."

खोटं बोलावंसं वाटलं. पण दुकान घराला लागून आहे आणि तो रिकामा खिळा तिला आज ना उद्या दिसलाच असता. "खिळ्यावरची," मी म्हणालो.

हातातला डाव तिनं पातेल्यात सोडून दिला. लेकीच्या थोबाडीत मारली त्या दिवशी ती अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती, तिला सगळं आठवत होतं.

"ती?"

"मला काय माहीत ती तिच्यासाठी आहे? मला वाटलं त्याच्यासाठी."

"त्याच्यासाठी," ती म्हणाली. "तो कोण? रस्त्यावरचा?"

"मी फक्त..."

"गप्प बसा. एक शब्द बोलू नका. मी आत्ता फोन करते आणि सांगते, त्या कुऱ्हाडीला हात लावू नका."

"आणि कारण काय सांगशील?"

ती थांबली. फोनवर हात ठेवून ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आयुष्यात तिनं माझ्यावर पुष्कळ आदळआपट केली आहे, पण असं बघितलं नव्हतं.

"उद्या संध्याकाळपर्यंत वेळ देते," शेवटी ती म्हणाली. "तुम्ही स्वतः जायचं. नाही गेलात तर मी फोन करीन, आणि मग मीही तिकडेच जाऊन राहीन."

त्या दुपारनंतर माझ्याशी ती बोलली नाही. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी घिरट्या घालत होत्या. जंगलात नवऱ्यानं कौतुकानं कुऱ्हाड हातात दिली, आनंदाच्या भरात तिनं रेषा बघितल्याच नाहीत आणि घाव घातला, तर? आणि बघितल्या, तर? मग तिला लगेच कळेल की तिच्या बापानं जाणूनबुजून मोडणारा दांडा दिला. दोन्हीची भीती वाटत होती. कुठली जास्त वाटत होती ते मी सांगणार नाही, कारण त्याचं उत्तर बापाला शोभणारं नाही.

मी मुलीला फोन लावला. दोनदा वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट.

शुक्रवारी मी दुकान उघडलं नाही. मागच्या खोलीत बसलो आणि जावयानं व्हिडिओत बघितली होती तसलीच कुऱ्हाड करायला घेतली. पातं आधीच तयार होतं: वजनाला मध्यम, धार गोलाईत, गाल ना जाड ना पातळ. खालून पोखरलेलं, म्हणजे कोरताना मूठ थेट धारेच्या मागे नेता येते आणि लहान चाकूसारखा ताबा मिळतो. अशा कुऱ्हाडीनं मोठा वृक्ष पडणार नाही, पण तंबूपुढच्या शेकोटीपुरती लाकडं फुटतील आणि वाडगा कोरायला बसलं तर तोही होईल. एकाच कुऱ्हाडीत दोन्ही हवं असेल तर दोन्हीकडे थोडं थोडं सोडावं लागतं, एवढीच अक्कल. ती मी गिऱ्हाइकांना रोज वाटतो.

दांड्यासाठी सहा लाकडं बाजूला काढली, त्यातली पाच टाकली. सहावं खिडकीशी नेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं. टोकापासून टोकापर्यंत रेषा विहिरीतल्या दोरासारख्या सरळ. लांबी काखेपासून तळहातापर्यंत ठेवली. जाडी किती ठेवायची म्हणून तिच्या सात पटाश्यांपैकी मधली घेतली आणि तिच्या मुठीवरून माप काढलं. त्या पटाश्यांना दोन वर्षांत गंज चढलेला नाही. दर रविवारी मीच तेल लावतो. ते कुणाला कळू नये असं मला वाटतं, हे बायकोला ठाऊक आहे, म्हणून ती कधी बोलली नाही.

पाचर ठोकून झाली तेव्हा चार वाजले होते. दोन बस बदलून मी त्यांच्या इमारतीशी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. तिसऱ्या मजल्यावर चढलो. दाराबाहेर चिखलाचे बूट, गुंडाळलेला तंबू आणि एक बादली. मी बेल वाजवली.

मुलीनं दार उघडलं. ती बारीक झाली होती. मला आत ये म्हणाली नाही, पण बाजूला झाली, म्हणून मी आत गेलो.

स्वयंपाकघराच्या टेबलावर खिळ्यावरची कुऱ्हाड पडली होती.

"टॉर्च शोधत होते," ती म्हणाली. "बॅगेच्या तळाशी सापडली."

"तो कुठंय?"

"खाली. गाडीच्या टायरांत हवा भरायला गेलाय." तिनं हाताची घडी घातली. "त्याला अजून माहीत नाही की मी ती बघितली. दुपारपासून आई चार वेळा फोन करतेय आणि काही न सांगता ठेवून देतेय. मग ही सापडली. मग मला कळलं."

माझ्या पिशवीत नवी कुऱ्हाड होती. ती काढून देऊन निघून जावं असं वाटलं. "मी दुसरी आणलीय," मी म्हणालो. "चांगली."

"तुम्ही मला या कुऱ्हाडीवरून मारलं होतं."

लहानपणापासून ती मला अरे-तुरेच करत आली होती. "तुम्ही" म्हणालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"मला माहीत नव्हतं ती तुझ्यासाठी आहे," मी म्हणालो. "शप्पथ सांगतो. मला वाटलं तो स्वतःसाठी नेतोय."

हे सांगायला मी दोन बस बदलून आलो होतो. रस्ताभर मी हे वाक्य घोळवलं होतं, आणि मला वाटत होतं की ते ऐकलं की ती निवळेल. 

"म्हणजे त्याच्या नडगीत गेली असती तर चाललं असतं," ती म्हणाली.

 जिना चढून येणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि जावई दारात उभा राहिला, हात काळे, चेहरा हसरा. "बाबा! अरे वा! तुम्ही इकडे?" मग त्याला टेबलावरची कुऱ्हाड दिसली. "अगं, तू बघितलीस? माझं सरप्राईज गेलं की! पण आवडली ना? तूच सांगायचीस ना, दुकानात एक कुऱ्हाड आहे, लहानपणी तिच्यासाठी मार खाल्ला. मी ठरवलंच होतं, आणायची तर तीच. आणि बाबांनी स्टुलावर चढून स्वतः काढून दिली, पैसेसुद्धा..."

"सांगा त्याला," मुलगी म्हणाली.

"काय?" तो हसतच म्हणाला.

"बाबा सांगतील."

मी टेबलावरची कुऱ्हाड उचलली आणि खिडकीशी नेली. त्याला मानेपाशी बोट ठेवून दाखवलं. "ही रेषा बघा. इथून आत शिरते आणि इथं बाहेर पडते. इथं दांडा मोडतो. चौथ्या-पाचव्या घावाला. पातं उडतं." माझा आवाज गिऱ्हाइकाशी बोलतो तसाच निघत होता, याचा मला राग आला. "म्हणून ही मी कधी कुणाला विकली नाही. तिला मार याच्यासाठी पडला होता. हे सगळं मला बुधवारी माहीत होतं. तुम्हाला देताना माहीत होतं."

त्याला समजायला वेळ लागला. तो आधी कुऱ्हाडीकडे, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. त्याचं हसू ओठांवरून जाताना मी पाहिलं. दोन वर्षं मला तेच बघायचं होतं.

"मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं," तो म्हणाला. "की सासऱ्यांनी..." तो सिंकपाशी गेला, नळ सोडला आणि पाठमोरा उभा राहून बराच वेळ हात धूत राहिला.

मी त्याला माफ करा म्हणालो. अहो-जाहो करूनच म्हणालो. पहिल्यांदा त्यात टोमणा नव्हता, पण ते त्याला कळायचं काही कारण नव्हतं. तो वळला नाही.

मग पिशवीतून नवी कुऱ्हाड काढली आणि मुलीपुढे धरली. दांडा तिच्याकडे, पातं माझ्याकडे, असंच द्यायचं असतं. "तुझ्या मुठीच्या मापाची आहे," मी म्हणालो. "दोन्हीला चालेल."

तिनं ती घेतली. लगेच मूठ बसवून बघेल, थोडी हवेत फिरवून बघेल असं मला वाटलं, लहानपणी प्रत्येक नवं हत्यार ती तसंच घ्यायची. पण ती खिडकीशी गेली. दांडा उजेडात तिरका धरला आणि मानेपासून टोकापर्यंत रेषा वाचल्या. मग उलटा करून दुसऱ्या बाजूनं वाचल्या. पाचर नखानं दाबून बघितली. पातं कानाशी नेऊन टिचकी मारली आणि आवाज ऐकला. सगळं मी शिकवलं होतं तसं, एकही गोष्ट न विसरता, अनोळखी दुकानातून आणलेल्या मालाची तपासणी करतात तशी. मी टेबलाला टेकून उभा होतो आणि ती पास करते की नाही याची वाट बघत होतो.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली, आणि कुऱ्हाड कपड्यांमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवली.

माझ्या हातचा दांडा माझ्या मुलीनं आजवर कधी तपासून घेतला नव्हता.